शामी कोणत्या जनावराची?

आमच्या घरची एक वस्तू अशी होती, की तिला हात लावायची परवानगी एकट्या अब्बांना होती. कातड्याचा एक तुकडा. दीड हात लांब, पिवळट आणि जुन्या लुगड्यासारखा मऊ. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो घडी करून ठेवलेला असायचा आणि डबा गॅरेजच्या कोनाड्यात. सगळे त्याला शामी म्हणत.

गॅरेज पांढरकवड्याला, नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला. महाराष्ट्र नवीनच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. कडुनिंबाखाली चार खांब, वर टिनं, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: अब्बा, अम्मी आणि मी. अब्बा मिस्त्री. त्यांच्याकडे शामीचं काम एकच, पेट्रोल गाळायचं. तेव्हा पेट्रोल पिपांतून यायचं आणि पिपात पाणी शिरलेलं असायचं. शामी आधी पेट्रोलात भिजवायची, नरसाळ्यावर पसरायची आणि वरून धार धरायची. पेट्रोल खाली उतरायचं, पाणी वरच थांबायचं. त्या पाण्याचे टपोरे थेंब कातड्यावर लोळत राहायचे. मी बघायला जरा जास्त पुढे वाकले, की अब्बा खेकसायचे, "दूर हो! हात नको लावू!"

घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो आणि गॅरेजात वऱ्हाडी चालायची. पण मला आता सगळं वऱ्हाडीतच आठवतं, तर तसंच सांगते.

शामीची एक गोष्ट होती. अब्बा नागपुरात एका उस्तादाच्या हाताखाली शिकले. शिकून निघाले तेव्हा उस्तादांनी ही शामी दिली आणि सांगितलं, हे विलायतेतल्या बर्फाच्या पहाडावरचं हरण आहे. या कड्यावरून त्या कड्यावर उडी मारते, शंभरात एकाच शिकाऱ्याले सापडते. अब्बा ही गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचे. दर वेळी कडा थोडा उंच व्हायचा. ड्रायव्हर बिड्या ओढत "वा मिस्त्री, वा!" करायचे आणि अब्बांची छाती फुगायची. माझ्या बापाकडे दुनियेत मिरवायला दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

अम्मीला मात्र शामी घराच्या उंबरठ्याच्या आत नको होती. "कोण्या जनावराचं कातडं ते माहीत नाही. बकरी असती तर गोष्ट वेगळी. माझ्या घरात नमाज होते, भात शिजते." मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं, की कमावलेलं चामडं पाक असतं. पण अम्मी मौलवीसाहेबांचंही आपल्याला पटेल तेवढंच ऐकायची. म्हणून शामी वीस वर्षं बाहेरच.

आता माझं. मी भांडकुदळ होते. आजही आहे, कोणालाही विचारा. आठवी पास झाले तेव्हा शाळेत विषय निवडायचा कागद मिळाला. पोरींनी गृहशास्त्र घ्यायचं असा रिवाज. मी सायन्सवर खूण केली आणि अब्बांच्या सहीसाठी कागद घेऊन गॅरेजात गेले. शनिवारी दुपारी बारापर्यंत तो शाळेत द्यायचा होता.

अब्बा जीपखाली होते. तिथूनच म्हणाले, "चाळीस पोट्ट्यांत एकटी बसशील? सायन्स घेऊन काय गाड्या खोलशील?"

"खोलीन!"

"मंग म्हणशील नागपूरले कालेजात पाठवा. कायले पाह्यजे?"

"म्हणीनच!"

दोन ड्रायव्हर चहा पीत बसले होते, ते खो खो हसले. एक म्हणाला, "मिस्त्री, पोरगी बापावर गेली." अब्बा जीपखालून बाहेर आले. चेहरा तेलानं काळा, त्यात रागानं आणखी काळा. सगळ्यांसमोर पोरीनं उलट उत्तर दिलेलं, तर सगळ्यांसमोरच काहीतरी म्हणणं भाग होतं. त्यांनी कोनाड्यातून डबा काढला.

"तुमच्या पुस्तकात सगळं असते ना? मंग सांग, ही शामी ज्या जनावराची ते कोण? बकरी का हरण? उस्ताद म्हणे हरण. तुझी माय म्हणते बकरी असन तर बरं. शोधून आण. आणलं तर सही, नाही आणलं तर गुमान गृहशास्त्र."

सोमवार होता. माझं सगळं आयुष्य त्या कातड्यावर टांगलं गेलं, हे मला तिथंच, त्या नरसाळ्यापाशी उभं असताना कळलं. पण मी म्हटलं, "ठीक आहे."

शाळेत विज्ञानाचे सर नवीन होते, अमरावतीकडून आलेले. मी विचारलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही. चल, पाहू." मास्तर माणूस मला माहीत नाही म्हणतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, वाळवीनं कोपरा खाल्लेलं. त्यात चित्र सापडलं. कड्यावर उभं जनावर, तोंडावर काळा पट्टा, शिंगं सरळ वर जाऊन टोकाशी मागे आकड्यासारखी वळलेली. खाली लिहिलं होतं: शॅमॉय. त्याचंच आमच्याकडे शामी झालं होतं.

"सर, हे बकरी का हरण?"

सरांनी बराच वेळ वाचलं. मग फळ्यावर दोन घरं काढली. एका घरात ज्यांची शिंगं भरीव, फांद्यांची, दरवर्षी गळून पडतात ते: चितळ, सांबर. हे हरणांचं कूळ. दुसऱ्या घरात ज्यांची शिंगं म्हणजे आत हाड आणि वर पोकळ खोळ, जी जन्मभर गळत नाही ते: गाय, म्हैस, शेळी, मेंढी. शॅमॉय या दुसऱ्या घरातला. आणि त्या घरातही शेळ्या-मेंढ्यांच्या ओसरीवरचा, पण अगदी शेळी नव्हे. दिसायला आणि उड्या मारायला हरणासारखा म्हणून साहेब लोकांनी त्याला 'शेळी-हरण' अशी दोन्ही नावं जोडून दिली.

"म्हणजे बकरीचा चुलतभाऊ?"

"असंच म्हण. आणि याच्या माद्यांनाही शिंगं असतात." हे मला फार आवडलं.

मी मामूंच्या गोदामात धावले. माझे मामू, अम्मीचे सख्खे भाऊ, कातड्यांचा धंदा करायचे. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचं गोदाम, तिथला वास आठवला तरी नाक मुरडतं. तिथून मी तीन शिंगं उचलली: एक बकरीचं, एक चितळाचं जंगलात गळून पडलेलं, एक काळविटाचं, बुडाशी कवटीचा तुकडा असलेलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर मी मोठ्या ऐटीत घरं मांडली. इकडे बकरी, तिकडे चितळ आणि काळवीट.

"काळवीट चुकलं," सर म्हणाले.

"काहून चुकलं? हरणच तर आहे! अख्खा तालुका हरण म्हणते!"

"तालुका म्हणू दे. शिंग काय म्हणते ते विचार."

मला राग आला. आमच्याकडे उड्या मारणारं, बारीक पायाचं जे दिसलं ते हरण. माझ्या आज्यापणज्यांनी ते ठरवलेलं, आणि हे अमरावतीचे सर आम्हाला शिकवणार! पण मामूंकडची एक रीत मला माहीत होती. बकरीचं शिंग हाडावरून सोडवायचं असलं, की त्यांचे लोक ते गरम पाण्यात टाकायचे. खोळ ढिली होऊन निघायची. म्हटलं, काळविटाचं उकळून दाखवते, नाही निघालं की सरांच्या तोंडावर नेऊन ठेवते.

अम्मी शेजारी गेली होती. घरात एकच मोठं भांडं रिकामं होतं, भाताचा गंज. त्यात पाणी, पाण्यात शिंग, खाली चुलीत दोन लाकडं. तास दीड तास उकळलं. काय तो वास! शेवटी फडक्यानं धरून पीळ दिला आणि खोळ माझ्या हातात आली. आत पांढरं हाड. चितळाचं शिंग टाकून पाहिलं, ते ढिम्म हललं नाही, आरपार भरीव. सर खरे होते आणि अख्खा तालुका चुकला होता. मला इतका आनंद झाला की मी एकटीच चुलीभोवती नाचले.

तेवढ्यात अम्मी दारात. नाकाला पदर.

"अल्ला! भाताच्या गंजात मुडदे शिजवून राह्यली काय वं? शिंगं फुटले तुले, शिंगं!"

"मलेच नाही अम्मी, शॅमॉयच्या माद्यांनाही असतात."

पाठीत एक धपाटा बसला. गंज तीन वेळा राखेनं घासावा लागला, मीच घासला, आणि तरी अम्मीनं महिनाभर त्यात भात केला नाही.

उत्तर हातात होतं. इथंच थांबले असते तर सगळं सरळ झालं असतं. पण मला वाटलं, पुस्तकातलं सांगण्यापेक्षा त्याच कातड्यावरून अब्बांना काही दाखवता आलं तर? आणि कातडं वाचू शकणारा माणूस आमच्या घरचाच होता. मामू डोळे मिटून नुसता अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, बकरी, मेंढी, गाभण होती, उन्हाळ्यात कापली. गुरुवारी दुपारी अब्बा नमाजला गेले आणि मी जन्मात पहिल्यांदा शामीला हात लावला. डबा ओढणीखाली घेऊन गोदामात पळाले.

मामूंनी अंगठा फिरवला. उजेडाकडे धरली. कड दोन बोटांत चोळली.

"मेंढी," ते म्हणाले.

"नाही मामू, शॅमॉय! पुस्तकात चित्र आहे!"

"चित्र असन. ही मेंढी आहे." त्यांनी मला एक मेंढीचं कातडं दाखवलं, कडेला नखानं उकललं. मध्ये चरबीचा थर असतो, म्हणून मेंढीचं कातडं दोन पदरांत सोलतं. आतला पदर तेलात कमावला की झाली शामी. बकरीचं कातडं असं सोलतच नाही. "बजारात शामी म्हणून हेच विकते, बेटा. त्या पहाडी जनावराची असन एखांदी लाटसाहेबाकडे."

"मंग अब्बाले काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? त्यानं जनावराचं विचारलं ना? जनावराचं सांग आणि सही घे. माणसाची वीस वरसांची गोष्ट कायले मोडते?"

डबा जागेवर ठेवला. अब्बा परत आले, चहा झाला, आणि त्यांनीच हाक मारली, "काय पंडितीणबाई, सापडलं काय?" तेच दोन ड्रायव्हर, आणखी एक तिसरा. अम्मी दाराआड उभी.

मी सगळं सांगितलं. दोन घरं, पोकळ शिंग, भरीव शिंग, मेंढ्या-शेळ्यांची ओसरी. खोळ आणि हाड हातात धरून दाखवलं. काळवीट हरणांच्या कुळातलं नाही म्हटल्यावर तिसरा ड्रायव्हर बिडी विझवून पुढे सरकला. "ना पूरा बकरी ना पूरा हरण," मी म्हटलं, "पण कूळ बकरीचं." ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. अब्बा हसत होते. खरंच हसत होते, माझ्याकडे बघून. हात पुसून त्यांनी खिशातला पेन काढला आणि डबा मांडीवर घेतला.

"म्हणजे असं जनावर आहे! पुस्तकात फोटूसकट आहे! ऐकलं का बे? तुम्ही हसत होते ना माझ्यावर? माझा उस्ताद खरं बोलला होता." असं म्हणून त्यांनी शामीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

कागद पुढे होता. पेनाचं टोपण निघालं होतं. अल्लाशपथ सांगते, मी दात दाबून उभी होते. सही झाली की बोलू, नाहीतर कधीच नको बोलू, असं मनात चाललं होतं. पण त्या भरल्या डोळ्यांसमोर मला ते जमेना. खोट्यावर खूश झालेला बाप मला बघवेना.

"अब्बा, जनावर खरं आहे. पण ही शामी त्याची नाही. ही मेंढी आहे. मी मामूले दाखवून आणली."

अब्बांनी पेनाचं टोपण लावलं. डबा बंद केला.

"हात लावला तू?"

"हो."

ते उठून रस्त्याकडे चालू लागले. ड्रायव्हर एकेक करून खाली बघत निघून गेले. आणि अम्मी, माझी अम्मी, दाराआडून बाहेर आली, डबा उचलला आणि म्हणाली, "मेंढी आहे ना? मंग येऊ दे घरात." तिनं तो तांदळाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला. रात्री जेवताना अब्बांना तो दिसला आणि ते अर्ध्या ताटावरून उठले.

शुक्रवार त्यांनी माझ्याशी शब्द काढला नाही. मी कागद उशाखाली घेऊन रडले. मला माझाच राग येत होता. जिभेला हाड नाही म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नव्हता. गृहशास्त्रात काय शिकवतात, भरतकाम? बरं, करू भरतकाम, असंही मनाशी म्हणून झालं.

शनिवारी सकाळी तिसरा ड्रायव्हर ट्रक घेऊन आला, हिंगणघाटला कापूस न्यायचा होता. पेट्रोल पिपातलंच. अब्बांनी ते धोतराच्या फडक्यातून गाळलं. ट्रक निघाला आणि नाक्यापाशी भकभक करून बंद पडला. ढकलत परत आणला. अब्बांनी कार्बोरेटर खोलला, आत पाणी.

"मिस्त्री, शामी कुठं गेली?"

"ती मेंढी आहे," अब्बा म्हणाले.

"मेंढी असो का शेळी! पाणी थांबवते का नाही?"

अब्बांनी पाना खाली ठेवला. मी दारातच होते, शाळेच्या कपड्यांत. मग त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "आण."

मी तांदळाशेजारचा डबा आणला. त्यांनी हात पुढे केला नाही. "टाक नरसाळ्यावर. भिजव आधी." मी शामी भिजवली, पसरली, धरून उभी राहिले. अब्बा ओतत होते. पेट्रोल खाली गेलं आणि पाण्याचे थेंब माझ्या बोटांपाशी येऊन थांबले, नेहमी थांबायचे तसेच. दोघंही ते बघत होतो.

"उस्तादालेही माहीत नसन," अब्बा हळू म्हणाले. "त्यालेही कोणीतरी सांगतलं असन." मग म्हणाले, "ज्या पोरीच्या हातात सही होती आणि तरी खोटं बोलली नाही, तिले चाळीस पोट्ट्यांत बसवायले मी कायले भेतो? कागद कुठं आहे?"

सही उर्दूत केली. घाईत काळा अंगठा कागदावर टेकला आणि मोठा डाग पडला. साडेअकरा झाले होते. मी शाळेपर्यंत धावले. कारकून म्हणाले, "हा डाग कसला?" मी म्हटलं, "सहीचाच आहे, राहू द्या."

अकरावी झाली आणि मी प्राणिशास्त्र शिकायला नागपूरला निघाले. अब्बा एसटीवर पोचवायला आले. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. अर्धी शामी होती. अम्मीच्या कात्रीनं सरळ मधोमध कापलेली.

"अब्बा! कापली काहून?"

"पेट्रोलले अर्धी पुरते. तुझ्या त्या किडे पाह्यच्या दुर्बिणीच्या काचा पुसायले होईन."

गाडी भरली. ड्रायव्हर ओळखीचाच होता. खिडकीतून ओरडला, "मिस्त्री, त्या विलायती हरणाची गोष्ट सांगा ना एकदा!"

"हरण नाही बे, मेंढी," अब्बा मोठ्यानं म्हणाले, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. "माझ्या पोरीनं शोधलं. कड्यावरून उडी मारणारं जनावर पाह्यचं असन तर मागं वळून पाय, तिसऱ्या खिडकीत बसलं आहे. सांभाळून ने."

सगळी गाडी माझ्याकडे वळून बघू लागली. मला रडू आवरेना, रुमाल पेटीत राहिला होता, म्हणून मी तीच अर्धी शामी डोळ्यांना लावली. तिला पेट्रोलचा वास येत होता आणि वडकी गाव येईपर्यंत माझे डोळे चुरचुरत होते.